कोल्हापुरात रामेन खायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताराबाई पार्क असो की राजारामपुरी, रामेन (सुपातल्या जपानी नूडल्स), बाओ (वाफवलेला भरलेला पाव), ग्योझा (मोमोसारखे जपानी डंपलिंग), किमची (आंबवलेली कोरियन कोबी) आणि थाई करी एकाच मेनूवर मांडणारी एशियन फ्युजन रेस्टॉरंटं आता कोल्हापुरात नवी राहिलेली नाहीत. तिथं पहिल्यांदा जाणाऱ्यांना पडणारे प्रश्न आणि चार वेळा जाऊन आलेल्यांनाही अडणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं रामेनभोवती जास्त आहेत, कारण बहुतेक गोंधळ त्याच वाडग्यात होतो.

हक्का नूडल्स सुपात टाकल्या की रामेन होतं का?

नाही. रामेनचा वाडगा पाच गोष्टींनी बनतो: सूप, तारे, सुगंधी तेल, नूडल्स आणि वरचं साहित्य. मटणाची अळणी ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. हाडांचं सूप वेगळं तयार होतं, त्यात मीठ जवळजवळ नसतं. खारटपणा आणि मुख्य चव ‘तारे’ या घट्ट, खारट मिश्रणातून येते. ते वाडग्याच्या तळाशी आधी घालतात. साधारण ३०० ते ३५० मिली सुपाला ३० मिलीच्या आसपास तारे लागतं. त्यावर चमचाभर तेल, मग गरम सूप, मग १२० ते १५० ग्रॅम नूडल्स, शेवटी अंडं, मांस, कांद्याची पात, नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पापुद्रा) वगैरे.

नूडल्सही वेगळ्या. रामेनच्या पिठात ‘कान्सुई’ म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं क्षारयुक्त पाणी असतं. त्यानं नूडल्स पिवळसर होतात, दाताखाली लवचिक लागतात आणि गरम सुपात काही मिनिटं तग धरतात. हक्का नूडल्स बहुतेक ठिकाणी सकाळीच उकडून, तेल चोळून ठेवलेल्या असतात. कढईत परतायला त्या ठीक, सुपात मात्र लगेच मऊ पडतात आणि त्यांचं तेल सुपावर तरंगतं. ऑर्डर देण्याआधी ‘नूडल्स रामेनच्याच आहेत ना?’ एवढं विचारा. फ्रोझन असल्या तरी चालतं, चांगल्या फ्रोझन नूडल्सचा पोत उत्तम राहतो.

शोयू, शिओ, मिसो, तोंकोत्सू, तानतानमेन यातलं काय मागवावं?

शोयू म्हणजे सोया सॉसचं तारे, शिओ म्हणजे मिठाचं, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं. ही तिन्ही ताऱ्याची नावं. तोंकोत्सू मात्र सुपाचं नाव आहे: डुकराची हाडं जोरात उकळून केलेलं पांढरं, दाट सूप. ते जपानच्या फुकुओका भागातल्या कुरुमे गावात १९३७ साली सुरू झालं असं मानतात. मिसो रामेन उत्तरेकडच्या साप्पोरोचं, १९५० च्या दशकातलं. तानतानमेन हा चिनी दानदान नूडल्सचा जपानी अवतार, त्यात तिळाची पेस्ट, मिरचीचं तेल आणि खिमा असतो.

पहिल्या भेटीत चिकन शोयू मागवा. ते पातळ आणि नितळ असतं, त्यामुळे स्वयंपाकघराला काही लपवता येत नाही. मिसो आणि तानतानमेनमध्ये पेस्टचा जोर एवढा असतो की खालचं सूप कच्चं असलं तरी चटकन कळत नाही. तिखटाशिवाय जेवण पूर्ण होत नसेल तर तानतानमेन घ्या, पण दुसऱ्या भेटीत.

तोंकात्सु आणि तोंकोत्सू यांत गल्लत होते. तोंकात्सु म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेलं डुकराचं मांस, त्याचा सुपाशी संबंध नाही. डुकराचं मांस नको असेल आणि दाट पांढरं सूपच हवं असेल तर ‘तोरी पाइतान’ शोधा, ते कोंबडीच्या हाडांचं असतं. काही ठिकाणी चिकनच्या सुपालाच तोंकोत्सू म्हणून विकतात, तेव्हा नावावर न जाता विचारून घ्या.

सूप खरंच हाडांचं आहे की पावडरचं, हे कसं ओळखायचं?

ज्याच्या घरी पांढरा रस्सा होतो त्याला हे ओळखणं अवघड नाही, कारण जीभ आधीच तयार आहे.

हाडं, पाय आणि कातडी बराच वेळ उकळली की त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. तोंकोत्सूला बारा तास किंवा त्याहून जास्त, कोंबडीच्या पाइतानला पाच-सहा तास लागतात. उकळी जोरदार ठेवली की चरबीचे बारीक कण होतात, जिलेटिन त्यांना धरून ठेवतं आणि सूप पांढरं दिसतं. नितळ सुपासाठी उलट करतात: उकळी येऊच द्यायची नाही, ९० ते ९५ अंशांवर शांत ठेवायचं आणि वरचा फेस सतत काढायचा.

याच्या खुणा वाडग्यात दिसतात. दोन-तीन घोट घेतल्यावर ओठ एकमेकांना हलकेच चिकटले पाहिजेत. सूप जरा निवलं की वर पातळ साय धरते. पार्सल रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं तर चांगलं सूप थिजतं. पावडरचं सूप पहिल्या घोटाला जोरात खारट लागतं आणि गिळलं की चव संपते, मागे काही उरत नाही. काही ठिकाणी पांढरेपणासाठी क्रीम किंवा दूध पावडर घालतात. सूप थोडं निवू द्या, मग दुधाचा गोड वास वर येतो.

वेटरला विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न: ‘सूप संपलं तर काय करता?’ रात्री नऊ वाजता ‘तोंकोत्सू संपलं’ असं सांगणारं रेस्टॉरंट विश्वासाचं. बारा तासांचं सूप ऐन गर्दीत नव्यानं तयार होऊ शकत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. ‘व्हेज रामेन’ खरंच व्हेज असतं का?

मेनूवरचा हिरवा ठिपका बघून थांबू नका. घोटाळा जाणूनबुजून होतो असं नाही, पण या पदार्थांत मासळी अशा जागी असते जिथं आपण शोधत नाही.

सूप भाज्यांचं असतं, पण तारे सगळ्या वाडग्यांना एकच असतं. त्या ताऱ्यात बऱ्याचदा ‘कात्सुओबुशी’ म्हणजे वाळवून धुरी दिलेला मासा असतो. ‘दाशी’ (जपानी सुपाचं मूळ पाणी) हा शब्द दिसला की हेच विचारा. थाई करीच्या पेस्टमध्ये सुकट वाटलेली असते आणि वरून फिश सॉस पडतो. किमचीतही फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. काळपट तपकिरी ग्लेझ (चकाकता लेप) असलेल्या परतलेल्या भाज्यांत ऑइस्टर (कालवांचा) सॉस असण्याची शक्यता मोठी. भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेत माशाचे कण असतात. नूडल्समध्ये अंडं असू शकतं. वाडग्यातली गुलाबी भोवऱ्याची पांढरी चकती म्हणजे नारुतो, ती माशाची.

तीन प्रश्न पुरेसे आहेत, आणि ते वेटरनं आत जाऊन शेफला विचारावेत असा आग्रह धरा: व्हेज रामेनचं तारे वेगळं आहे का? नूडल्समध्ये अंडं आहे का? व्हेजच्या नूडल्स बाकी नूडल्सच्याच पाण्यात उकडता का? तिसऱ्याचं उत्तर जवळजवळ सगळीकडे ‘हो, त्याच’ असं येईल. ते चालतं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चांगलं व्हेज रामेन होतं, आणि छान होतं. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम यांच्यात वेगवेगळे चवदार घटक असतात आणि एकत्र आल्यावर ते एकमेकांची चव अनेक पटींनी वाढवतात. त्यात बिनसाखरेचं सोया दूध घातलं की दाटपणा येतो. नुसत्या कोबी-गाजराच्या पाण्यात कॉर्नफ्लोअर लावलेलं सूप पुढे आलं तर ते रामेनच्या दरात घेऊ नका.

वार पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ताऱ्यात, अंड्याच्या मुरवणीत आणि ग्लेझमध्ये साके (तांदळाची जपानी दारू) किंवा मिरिन (तिचाच गोड प्रकार) असतं. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असतं, उकळल्यावर बरंच उडतं पण सगळं जाईलच असं नाही.

कांदा-लसूण नको असेल तर?

रामेन टाळा. लसूण तेलात, ताऱ्यात आणि सुपात आधीच मुरलेला असतो, वरून काढता येत नाही. ऑर्डर आल्यावर बनणारे पदार्थ मागा: साधा वाफवलेला भात, टोफू आणि भाज्या सोया सॉसमध्ये ताज्या परतून, एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या कोवळ्या शेंगा). फोन करून आधी सांगितलंत तर स्वयंपाकघराला कढई वेगळी ठेवता येते.

तिखट अजिबात लागत नाही. काय करावं?

आधी दोन चमचे सूप तसंच प्या. रामेनची चव खारट, तेलकट आणि खोल अशी बांधलेली असते, तिखट हा तिचा एक पर्याय आहे. चव घेतल्यावरही हवं असेल तर ‘रायू’ म्हणजे मिरचीचं तेल मागा आणि अर्धा अर्धा चमचा घालत जा. कोरडी मिरची पूड किंवा कांदा-लसूण मसाला वरून टाकू नका: गरम सुपात तो शिजत नाही, कच्चा लागतो आणि तळाशी बसतो. गोचुजांग ही कोरियन पेस्ट गोडसर असते, ती घातल्यावर सूप तिखट होण्याआधी गोड होतं. शिचिमी ही सात घटकांची पूड मात्र शेवटी भुरभुरायलाच असते.

लिंबू पिळायची सवय सोया दुधाच्या सुपात आवरा. आंबट पडलं की ते फाटतं.

‘तांबडा रस्सा रामेन’, ‘पांढरा रस्सा रामेन’ मागवण्यासारखं असतं का?

असतं, जर करणाऱ्यानं विचार केला असेल. आपल्या रश्श्यावर प्रेम असणाऱ्यांनी इथं सगळ्यात कडक असावं.

तयार तांबडा रस्सा जसाच्या तसा नूडल्सवर ओतला की तीन गोष्टी बिघडतात. एक, खोबरं-तीळ-खसखशीचं वाटण नूडल्सला लेपासारखं चिकटतं, नूडल्समधला स्टार्च सुटतो आणि पाच मिनिटांत रश्श्याची ग्रेव्ही होते. दोन, रश्श्यात मीठ असतंच, त्यावर तारे पडलं की खारट होतं. तीन, हाडासकट मटणाचे तुकडे चॉपस्टिकनं खाता येत नाहीत.

जाणकार स्वयंपाकघर अळणी हेच सूप म्हणून वापरतं, कांदा-लसूण मसाला तेलात मंद तापवून ते तेल गाळून घेतं आणि शेवटी वर सोडतं. ताऱ्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मटण हाडाविना, काट्यानं तुटेल इतकं शिजवलेलं असतं. असं वाडगं समोर आलं तर तवंग लाल आणि खालचं सूप पातळ दिसेल. पांढऱ्याचं रामेन त्याहून सोपं जमतं, कारण तीळ, काजू आणि नारळाचं दूध रामेनच्या दाट सुपाशी सहज मिळतं. अट एकच: नारळाचं दूध शेवटी घालून सूप खळखळून उकळू द्यायचं नाही, नाहीतर फुटतं. फुटलेलं असेल तर वर चरबी वेगळी आणि खाली पाणी वेगळं दिसतं. असा वाडगा परत पाठवायला संकोच करू नका.

चॉपस्टिक धरायच्या कशा? ओढून आवाज करत खाल्लं तर वाईट दिसतं का?

खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवा, ती हलत नाही. वरची काडी पेनासारखी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरा, हालचाल फक्त तिचीच. टोकं एका पातळीत ठेवा. पाच-सहा नूडल्सच उचला, जास्त घेतल्या की घसरतात आणि सूप शर्टावर उडतं. दुसऱ्या हातात खोल चमचा ठेवा. काटा मागितला तरी काही बिघडत नाही.

ओढून खाणं ही रामेनची रीतच आहे. हवेबरोबर नूडल्स थोड्या निवतात आणि सुपाचा वास नाकापर्यंत पोचतो. भातात काड्या उभ्या खोचू नका आणि काडीनं दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नका. या दोन्ही गोष्टी जपानमध्ये अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

सगळ्यांची ताटं येईपर्यंत थांबायचं का?

थांबू नका, हे एकच जेवण असं आहे. नूडल्स जाळीच्या टोपल्यांत एका वेळी चार-सहा वाडग्यांच्याच उकडतात. बारीक नूडल्सला मिनिटभर, जाडसरला दोन-तीन मिनिटं. आठ जणांच्या टेबलावर सगळे वाडगे एकदम येणारच नाहीत. पहिल्यानं थांबून राहायचं ठरवलं तर सात-आठ मिनिटांत त्याच्या नूडल्स सूप पिऊन फुगतात. घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर ऑर्डर देतानाच सांगा: ‘यांचे वाडगे आधी.’ म्हणजे मान राहतो आणि नूडल्सही. फोटो काढायचा असेल तर एकच, पटकन.

वन बाय टू मिळेल का? आणि रस्सा वाढतात का?

वाडगा दोघांत वाटला की अर्ध्या सुपात अर्ध्या नूडल्स लवकर निवतात. त्यापेक्षा एक रामेन, एक प्लेट ग्योझा आणि एक बाओ घ्या, दोघांना पुरतं. रिकामा वाडगा मागितला तर देतात.

जादा सूप फुकट नसतं, आणि त्याचं कारण रास्त आहे: बारा तास उकळलेल्या भांड्यातून मोजके वाडगेच निघतात. जपानमध्ये उलट रीत आहे, सूप राखून ठेवायचं आणि ‘काएदामा’ म्हणजे नूडल्सचा जादा वाटा मागायचा. आपल्याकडे काही ठिकाणी तो मिळतो. मागायचा असेल तर निम्म्या नूडल्स उरल्या असतानाच सांगा.

अंड्याचा बलक पातळ असतो. कच्चं असतं का?

पूर्ण कच्चं नसतं. साडेसहा मिनिटांच्या आसपास उकडून, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून, सोया सॉस आणि मिरिनमध्ये काही तास मुरवलेलं असतं. बलक पातळच असायला हवा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि आजारातून उठलेल्यांसाठी मात्र पूर्ण उकडलेलं मागा किंवा अंडं काढायला सांगा.

अजिनोमोटो असतो का? तो वाईट का?

असू शकतो. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं कोम्बूच्या पाण्यातून ही चव देणारा घटक, ग्लुटामेट, वेगळा काढला. पिकलेल्या टोमॅटोत आणि सोया सॉसमध्ये तोच घटक नैसर्गिकरीत्या असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं १९८७ साली त्याला रोजच्या मात्रेची कमाल मर्यादा घालायची गरज नसल्याचं ठरवलं. कुणाला खाल्ल्यावर त्रास जाणवत असेल तर टाळावा, पण ‘अजिनोमोटो न घालता द्या’ म्हटल्यानं सोया सॉस आणि मिसोतला घटक जात नाही हे लक्षात असू द्या.

काळजी करायचीच असेल तर मिठाची करा. सगळं सूप प्यायलं तर एका वाडग्यात ५ ग्रॅमहून जास्त मीठ सहज पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसभरासाठी सुचवलेली मर्यादाच ५ ग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब असेल तर ‘तारे कमी’ सांगा आणि निम्मं सूप वाडग्यात सोडा.

कोल्हापुरात कच्च्या माशाची सुशी खावी का?

रत्नागिरी-मालवणकडून घाट चढून येणारा मासा बर्फात येतो. तळायला आणि कालवणाला तो उत्तम. कच्चा खाण्यासाठी बर्फ पुरत नाही: परजीवी मरण्यासाठी उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून १५ तास ठेवावा लागतो. रेस्टॉरंटला विचारा की मासा गोठवलेला, कच्चं खाण्यासाठीच आणलेला आहे का. उत्तर ‘एकदम फ्रेश आहे, आजच आला’ असं असेल तर उकडलेली कोळंबी, टेम्पुरा (पिठात बुडवून तळलेली) किंवा काकडी-अव्होकाडोचा रोल घ्या.

अ‍ॅलर्जी असेल तर कशाकडे बघावं?

गहू नूडल्समध्येच नाही, सोया सॉसमध्येही असतो. म्हणून तांदळाच्या नूडल्स घेतल्या तरी गहू सुटत नाही. तीळ तेलात, पेस्टमध्ये आणि वरून असा तिन्हीकडे असतो. शेंगदाणे थाई पदार्थांत जास्त. अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर ‘नको’ एवढंच न म्हणता ‘खाल्लं तर दवाखान्यात जावं लागेल’ असं स्पष्ट सांगा. आवडनिवड आणि अ‍ॅलर्जी यांत स्वयंपाकघर फरक करतं.

बिलात काय तपासायचं?

साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. हजार रुपयांच्या जेवणावर केंद्राचे २५ आणि राज्याचे २५, एकूण १,०५०. मोठ्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल आणि तिथल्या खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांहून जास्त असेल तर दर १८ टक्के होतो. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक छापलेला असावा.

सर्व्हिस चार्ज देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती ग्राह्य धरली. लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. वाढणाऱ्या मुलानं तुमच्या प्रश्नांसाठी चार वेळा आत-बाहेर केलं असेल, तर टीप त्याच्या हातात द्या.

रामेन पार्सल न्यावं का?

नूडल्स आणि सूप वेगळ्या डब्यांत मिळणार असतील तरच. एकत्र भरलेलं रामेन घरी पोचेपर्यंत फुगून जातं. ‘नूडल्स थोड्या कच्च्याच ठेवा’ असं सांगा.

घरी आल्यावर वाडगा गरम पाण्यानं तापवून घ्या. सूप पातेल्यात वाफा येईपर्यंत गरम करा. मिसोचं असेल तर उकळी फुटायच्या आत गॅस बंद करा, नाहीतर त्याचा वास उडून जातो. दुसऱ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून नूडल्स ३० ते ४० सेकंद बुडवा, मोकळ्या करा आणि पाणी झटकून निथळा. पाणी राहिलं तर सूप पाणचट होतं. अंडं आणि मांस सुपात उकळू नका, गरम सुपात मिनिटभर बुडवून ठेवलं की पुरतं. नोरी शेवटी, वाढताना.

सूप उरलं तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. थिजलेलं दिसलं तर बिघडलं समजून टाकू नका, मंद आचेवर ते पुन्हा पातळ होतं. नूडल्स मात्र उरवू नका.